"थकलात का तुम्ही?"

"आयुष्यभर संसार केला, आणि आठ दिवस एकत्र फिरता येत नाही. म्हणजे आमचं मुळात जमतच नव्हतं का?" मी समुपदेशन करते. मे-जूनच्या सुट्ट्या संपल्या की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. विचारणारी माणसं साधारण पंचावन्न ते पासष्टची असतात. मुलं मार्गी लागलेली, कर्ज फिटलेलं, आणि खूप दिवस मनात असलेली मोठी सहल नुकतीच झालेली. फोटो सुंदर असतात, पण घरात अबोला असतो.

अशाच एका जोडप्याबद्दल लिहिते आहे. दोघांनी आनंदाने परवानगी दिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. मी त्यांना काका-काकूच म्हणत असे, इथेही तसंच म्हणते. काका एकसष्ट वर्षांचे, नुकतेच निवृत्त झालेले. काकू अठ्ठावन्नच्या. ग्रुप टूरने प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट करून आले होते. परतल्यापासून तीन आठवडे "जेवायला वाढलंय" आणि "गॅस संपलाय" यापलीकडे बोलणं नव्हतं. शेवटी मुलीने आग्रह करून माझ्याकडे पाठवलं.

बिनसलं ते प्रागमध्ये. टूरमधला तो मोकळा दिवस होता, म्हणजे बस नाही, टूर मॅनेजर नाही, ज्याने त्याने पायी फिरायचं. काकांनी डायरीत वेळापत्रक आखलं होतं. सकाळी जुन्या गावातला चौक आणि तिथलं 1410 सालचं खगोलीय घड्याळ, मग चार्ल्स ब्रिज, पलीकडे माला स्ट्राना, आणि नेरुदोवा रस्त्याचा चढ चढून वर किल्ला. ठरल्याप्रमाणे दोघं निघाले. पूल ओलांडून गेल्यावर काकू मागे राहिल्या आणि पुढचा जवळजवळ दीड तास दोघं एकमेकांना सापडले नाहीत. परदेशातलं सिम फक्त काकांच्या फोनमध्ये होतं. काकूंचा फोन हॉटेलच्या वायफायपुरता.

"हे मला सोडून पुढे निघून गेले," काकू म्हणाल्या. "ही न सांगता बसून राहिली," काका म्हणाले. पहिल्या भेटीत यापुढे गाडी सरकेना.

दुसऱ्या भेटीत मी दोघांना एकेक कोरा कागद दिला आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. म्हटलं, त्या दिवसाचा नकाशा काढा. खरा नकाशा नको, तुम्हाला आठवतो तसा. ही पद्धत मी बऱ्याचदा वापरते. बोलताना माणूस समोरच्याला उत्तर देत असतो, काढताना मात्र जे घडलं तिथे परत जातो.

काकूंच्या नकाशात घड्याळही नव्हतं आणि पुतळेही नव्हते. होते ते बाक. कुठे बसता आलं, कुठे नाही. दगडी रस्ता त्यांनी बारीक ठिपक्यांनी भरून टाकला होता, कारण प्रागच्या फरशा म्हणजे लहान लहान चौकोनी दगड आणि त्यांचा उजवा गुडघा हॉटेलमधून निघाल्यापासून ठणकत होता. दोन ठिकाणी चौकोन करून आत फुली मारली होती. ती स्वच्छतागृहं होती. तिथल्या बऱ्याच सार्वजनिक स्वच्छतागृहांत पैसे लागतात, आणि कोरुनाची नाणी काकांच्या खिशात. दर तासाला नाणं मागायची लाज वाटते म्हणून बाई सकाळपासून पाणीच प्यायल्या नव्हत्या. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा इतक्या हळू आवाजात, की मला खुर्ची पुढे ओढावी लागली.

"काकांना सांगितलं होतंत?"

"सांगितलं की. तीनदा विचारलं मी, थकलात का तुम्ही म्हणून. हे म्हणाले, छे, मी ठीक आहे, चल."

आपल्याकडच्या किती घरांत हे वाक्य असंच वापरलं जातं! स्वतःला चहा हवा असला की "चहा टाकू का तुम्हाला?" आणि स्वतःचे पाय दुखले की "थकलात का तुम्ही?" आपली इच्छा दुसऱ्याच्या नावावर टाकून विचारायची. लहानपणापासून मुलींना हेच चांगलं वळण म्हणून शिकवलं जातं, आणि त्यात माया असते हेही मी नाकारणार नाही. पण ऐकणाऱ्याने त्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं, की विचारणारी एकटी पडते. काकूंनी त्या दिवशी तीनदा मदत मागितली होती आणि काकांना ती एकदाही ऐकू आली नव्हती. दोघंही खरंच बोलत होते.

काकांचा नकाशा वेळांनी भरलेला होता. 9.50, 11.00, 11.25. पण माझी नजर पुलावर अडली. चार्ल्स ब्रिजच्या जागी त्यांनी पेन इतकं गिरवलं होतं की कागद फाटायला आला होता.

"हे काय, काका?"

"पूल."

"एवढा जाड?"

मग ते बोलले. चढाच्या तोंडाशी त्यांनी मागे वळून पाहिलं, तर काकू नाहीत. ते तसेच उलटे फिरले. 516 मीटरचा तो पूल, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे, आणि मुंगीला शिरायला जागा नाही अशी गर्दी. त्या गर्दीत हिरवा स्वेटर शोधत त्यांनी पूल चार वेळा पार केला. दोनदा तिकडे, दोनदा इकडे. एका पुतळ्याखाली थांबून त्यांना वाटलं, हिला चक्कर आली असेल, कुणीतरी दवाखान्यात नेलं असेल, आणि हिला इंग्रजीही धड बोलता येत नाही. किल्ला त्यांनी पाहिलाच नाही.

काकू त्या सगळ्या वेळात पुलाच्या खालीच होत्या. पुलावरून एक जिना काम्पा बेटावर उतरतो. तिथल्या बाकावर त्या बसल्या होत्या, व्ल्टावा नदीतले हंस बघत. नंतर एका कॅफेत गेल्या, तिथल्या मुलीने काही न मागता स्वच्छतागृह दाखवलं. बाकावरून त्यांना पूल दिसत होता, वरून जाणारी डोकी दिसत होती. त्यांतलं एक डोकं काकांचं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांची खात्री होती की काका वर किल्ल्यात फोटो काढताहेत.

"मग भेटल्यावर हे सांगितलं का नाहीत?" मी काकांना विचारलं.

"भेटली तेव्हा शांत बसलेली. मी घाबरून अर्धा झालो होतो. तोंडातून निघालं ते एवढंच, अक्कल आहे का तुला."

तिसऱ्या भेटीत मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि गप्प बसले. काकू बराच वेळ त्या गिरवलेल्या पुलाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "चार वेळा?" काकांनी मान हलवली. नंतर त्यांनी काकूंच्या फुल्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

अजून एक गोष्ट त्यातून निघाली, तीही सांगायला हवी. घड्याळापाशी दोघं नेमके तास उलटून गेल्यावर पोचले होते, म्हणून पुढच्या तासापर्यंत उभेच राहिले. तास झाला, घड्याळाच्या खिडक्यांतून येशूच्या बारा शिष्यांचे पुतळे सरकले, सांगाड्याच्या पुतळ्याने घंटा वाजवली, कोंबडा आरवला, आणि मिनिटाच्या आत सगळं आटोपलं. "हिला बघायचं होतं म्हणून थांबलो," काका म्हणाले. काकू चमकल्याच. "मला? मी तर तुमच्यासाठी उभी होते." म्हणजे हा खेळ एकतर्फी नव्हता. काकाही आपला अंदाज तिची इच्छा समजून पाळत होते.

अशा वेळी "मोकळेपणाने बोला" एवढं सांगून मला समाधान होत नाही, कारण आपण बोललोच आहोत असं दोघांनाही वाटत असतं. मी काकूंना एकच काम दिलं. दिवसातून तीन वाक्यं "मला" या शब्दाने सुरू करायची आणि ती प्रश्नार्थक नसावीत. "मला बसायचंय." "मला नाणी हवीत." पहिल्या आठवड्यात त्यांना एकच जमलं, तेही फोनवर मुलीशी. काकांना सांगितलं, की काकूंनी तुमच्याबद्दल विचारलं तर उत्तर देण्याआधी उलट विचारा, "आणि तुला?" मग दोघांना पर्वतीवर पाठवलं. एकशे तीन पायऱ्या. ज्याचा वेग कमी, त्याने पुढे चालायचं, आणि पैसे-फोन त्याच्याकडे. काका चाळीस वर्षं पुढे चालत आले होते, कारण वाट शोधणं हे आपलं काम असं ते धरून चालत. मागे राहणाऱ्याला फक्त पाठ दिसते, हे त्यांनी कधी मनात आणलंच नव्हतं.

गुडघ्यासाठी मी काकूंना अस्थिरोगतज्ज्ञाकडे आणि वारंवार लागणाऱ्या लघवीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे धाडलं. या वयात ती तक्रार अनेकींना असते, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने पुष्कळदा फरक पडतो, आणि पाणी तोडणं हा त्यावरचा उपाय नाही. प्रत्येक गोष्ट नात्यातच शोधत बसू नये.

इथे एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे. शिक्षा म्हणून मुद्दाम मागे सोडणं, पासपोर्ट आणि पैसे अडवून धरणं, नवऱ्याच्या रागाची भीती वाटून गप्प राहणं, यांतलं काही तुमच्या बाबतीत असेल तर ही गोष्ट तुमची नाही. तेव्हा नकाशे काढत बसू नका, एकट्याने येऊन भेटा. काकूंना मी पहिल्या दिवशीच एकटीला घेऊन हे विचारलं होतं. भीती नव्हती. राग होता, आणि खूप साचलेला.

शेवटच्या भेटीला दोघं हंपीची यादी घेऊन आले. काकांची अकरा ठिकाणं, त्यांतली चार काकूंनी खोडलेली, त्यात पहाटेची मातंग टेकडीही. "मला नाही चढायचं. तुम्ही जा, मी खाली विरुपाक्षाच्या देवळापाशी बसते," काकूंनी सरळ सांगितलं.

काका माझ्याकडे वळले. "पण हिला खाली एकटं वाटेल ना?"

मी काहीच म्हटलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच वाक्य बदललं. "मला एकट्याला वर जायचं नाहीये."

काकूंनी पेन मागून घेतलं. खोडलेल्या ओळीखाली मातंग टेकडी पुन्हा लिहिली, आणि पुढे लिहिलं, अर्धी.