रात्री हळू आवाजात गाणी ऐकायला घरी कुठली साउंड सिस्टिम घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की वन बीएचके आहे, आतल्या खोलीत आईबाबा लवकर झोपतात, रात्री हॉलमध्ये बसून शास्त्रीय ऐकायचं असतं पण आवाज कमी केला की गाण्यातली जानच जाते, मग जास्त वॉटची मोठी सिस्टिम घेऊ का? माझं ऐकाल तर अजिबात घेऊ नका, हळू ऐकायला वॉट लागतच नाहीत, एखाद-दुसऱ्या वॉटमध्येसुद्धा काम भागतं.

जान जाते हे मात्र खरंय, आणि ते आपल्या कानामुळे होतं. आवाज कमी झाला की कानाला खालचे सूर सगळ्यात आधी ऐकू येईनासे होतात, अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. म्हणून रात्री तबल्याची चाट नीट ऐकू येते पण डग्ग्याची घुमार गायब. यावर उपाय म्हणजे लाउडनेस कंट्रोल असलेला अँप, म्हणजे स्पीकरला वीज पुरवून आवाज वाढवणारा अँप्लिफायर. यामाहाच्या ए-एस३०१ सारख्या अँपवर त्याचा वेगळा नॉब असतो, आधी व्हॉल्यूम नेहमीच्या मोठ्या आवाजाला लावायचा आणि मग तो नॉब फिरवत आवाज खाली आणायचा, मधले सूर जास्त कमी होतात आणि डग्गा जागेवर राहतो. खूप छान सोय आहे ही, आणि दुकानदार आपणहून कधी सांगत नाहीत.

दुसरं म्हणजे स्पीकर जवळ घ्या. साधे बुकशेल्फ स्पीकर, म्हणजे फळीवर मावणारे छोटे, चार-पाच इंची वूफरवाले (वूफर म्हणजे खालचे सूर वाजवणारा भाग), सहा फुटांऐवजी तीन फुटांवर ठेवले तर तुमच्या कानाशी थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, म्हणजे तेवढाच व्हॉल्यूम कमी करता येतो आणि आतल्या खोलीत कमी जातो. मुंबईत पंखा बारा महिने चालू, खिडकी उघडी, खाली रिक्षा, त्यामुळे बारीक आलाप या सगळ्यात बुडून जातात, जवळ बसलं की ते वर येतात. फक्त आतल्या खोलीच्या किंवा शेजाऱ्यांच्या भिंतीला स्पीकर टेकवू नका आणि खाली जाड रबर किंवा फोम घाला, बेस, म्हणजे खालचे सूर, भिंतीतून आणि लाकडातून लांबपर्यंत जातो. सबवूफर, म्हणजे फक्त बेससाठीचा वेगळा स्पीकर, तर नकोच!

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात बघायला गेलात तर तिथे सगळं मोठ्याने वाजवून दाखवतात, त्यांना सांगा की रात्री ऐकतो तेवढाच ठेवा. व्हॉल्यूम अगदी सुरुवातीला असताना बऱ्याच स्वस्त अँपमध्ये डावा-उजवा सारखा वाजत नाही, गायकाचा आवाज मधोमध यायच्या ऐवजी एका बाजूला सरकतो, आणि तुम्ही तर रोज तेवढ्याच कमी आवाजात ऐकणार आहात, तेव्हा हे नक्की तपासा. मग गाणं बंद करून ट्वीटरजवळ (स्पीकरमधला वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) कान न्या, सूंऽऽ असा आवाज हातभर अंतरावरूनही येत असेल तर तो सेट सोडून द्या.

हेडफोनचंही विचारलंय. आईबाबांची झोप फारच सावध असेल तर तेच बरे, ओपन बॅकवाले, म्हणजे मागून उघडे असलेले घ्या, गाणं मोकळं वाटतं आणि आपल्या दमट हवेत कान घामेजत नाहीत. पण त्यांतून आवाज बाहेर येतो आणि पंख्याचा आत येतो, त्यामुळे त्याच खोलीत कोणी झोपलं असेल तर क्लोज्ड बॅकच, म्हणजे मागून बंद असलेलेच, घ्यावे लागतील.