सामाजिक आणि सांस्कृतिक घटकांचा सामुदायिक सेवा घेणाऱ्यांवर कसा परिणाम होतो?
हा परिणाम व्यक्ती सेवाकेंद्राच्या दारात येण्याआधीच सुरू होतो, कारण तिला सेवेची माहिती मिळते की नाही आणि मिळाली तरी दिवसाचा रोजगार बुडवून तिथवर येणे परवडते की नाही, हे तिचे उत्पन्न, शिक्षण आणि घरची परिस्थितीच ठरवते. जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या सामाजिक कारणांविषयी नेमलेल्या आयोगाने २००८ च्या अहवालात आरोग्यातील विषमतेचे मूळ अशाच परिस्थितीत दाखवले होते.

संस्कृतीचा भाग अधिक सूक्ष्म आहे. मानसिक आजार किंवा घरातील हिंसा यांविषयी बाहेर बोलणे म्हणजे घराण्याची अब्रू घालवणे, अशी समजूत असेल तर एखादी स्त्री डोकेदुखीची तक्रार घेऊन येते आणि खरे कारण तिसऱ्या-चौथ्या भेटीत, तेही निघता निघता, सांगते. भाषा वेगळी असेल तर अनेकदा शाळकरी मुलालाच दुभाषा केले जाते. आईला होणाऱ्या मारहाणीविषयीचा प्रश्न त्याच्या तोंडून विचारला जावा, हे मला सर्वथा अयोग्य वाटते. मात्र समाज किंवा धर्म कळला म्हणजे माणूस कळला, असे सेवा देणाऱ्या कार्यकर्त्याने धरून चालू नये. घरात निर्णय कोण घेते, कोणासमोर बोलणे चालेल, हे ज्याचे त्यालाच विचारावे.