घरी बसते, मंचावर लांबते

प्रश्न : शिक्षकी सोडून पूर्णवेळ स्लॅम कवी झालेल्या टेलर माली यांच्यामुळे मीही स्लॅममध्ये, म्हणजे मंचावर कविता सादर करून गुण मिळवण्याच्या स्पर्धेत, उतरलो. घरी तीन मिनिटांत बसणारी कविता मंचावर लांबते. गुण किती जातात?

उत्तर : न्यूयॉर्कचे माली नऊ वर्षं वर्गात शिकवत होते, मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय तिथलीच असावी! नेहमीच्या नियमांत तीन मिनिटांवर १० सेकंदांची सूट असते, पुढे दर १० सेकंदांना अर्धा गुण कापतात. पाच परीक्षकांपैकी सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून बेरीज ३० पैकी होते, त्यामुळे अर्धा गुणही महागात पडतो. घरच्या तालमीत हशा-टाळ्यांसाठी थांबावं लागत नाही, गफलत तिथेच होते. तालीम २ मिनिटं ४० सेकंदांत संपवा. घाईनं म्हणू नका, सरळ एक कडवं उडवा.