विचारा, सांगते : फक्त बोटीने जाता येणारं बेट

प्रश्न : माझं वय ६३, ह्यांचं ६८. आम्ही दोघं दर रविवारी सिंहगड चढायचो. आता ह्यांच्या गुडघ्यांमुळे मी एकटीच जाते. मुलगा अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅमला असतो. त्याची अठ्ठावीस फुटी शिडाची बोट आहे. जुलैअखेर आम्ही तिकडे असू, तेव्हा सुशिया नावाच्या बेटावर तीन रात्री न्यायचं त्याने ठरवलंय. रोज वेगळ्या खाडीत मुक्काम, असा त्याचा बेत आहे. तिथे दुकान नाही, हॉटेल नाही. बोट बांधतात कशाला? झोपायचं कुठे? खाण्यापिण्याचं आणि स्वच्छतागृहाचं काय? मुख्य म्हणजे ह्यांना झेपेल का? मुलाला विचारलं की “आई, टेन्शन घेऊ नकोस” एवढंच म्हणतो. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, नक्की जा, आणि ह्यांनाही न्या. फक्त मुलाच्या बेतात एक बदल करायला सांगा. तीन रात्रींसाठी तीन खाड्या नकोत. फॉसिल बे नावाच्या एकाच खाडीत मुक्काम ठेवा आणि बाकीचं बेट पायी बघा. हे मी का सांगते आहे ते खाली येईलच. माझी बहीण सिएटलजवळ राहते, त्यामुळे त्या बाजूच्या बेटांवर माझं जाणं होत आलंय. पुण्यात वर्षानुवर्षं भूशास्त्र शिकवल्यामुळे तिथल्या दगडांतही माझा जीव अडकलेला आहे.

सुशिया हे सॅन हुआन द्वीपसमूहातलं बेट, ऑर्कस या मोठ्या बेटाच्या उत्तरेला. सगळं बेट म्हणजे वॉशिंग्टन राज्याचं सागरी उद्यान आहे. आकाराने ते घोड्याच्या नालासारखं वळलेलं, आणि त्या वळणांमध्ये खाड्या आहेत. पूर्वेला तोंड असलेली इको बे सर्वांत मोठी, पश्चिमेला शॅलो बे, दक्षिणेला फॉसिल बे. फॉसिल बेच्या पाठीला लागूनच, मध्ये जमिनीची अरुंद पट्टी सोडून, फॉक्स कोव्ह आहे.

आधी बोटीचं सांगते. तिथे बोट तीन प्रकारे थांबते. पहिला प्रकार बोयाचा. कोकणातले मच्छीमार बोया म्हणतात तोच शब्द. तळाशी पक्का रोवलेला नांगर, त्याला साखळी आणि वर तरंगणारा मोठा गोळा. बोटीचा दोर त्याच्या कडीतून ओवून बांधायचा. असे चाळीसहून जास्त बोये बेटाभोवतीच्या खाड्यांमध्ये आहेत. दुसरा प्रकार स्वतःचा नांगर टाकण्याचा. त्या उथळ पाण्यात ईलग्रास नावाचं समुद्री गवत वाढतं, त्यात मासे आणि खेकडे यांची पिल्लं आसरा घेतात. नांगर ओढला गेला की ते गवत मुळासकट उपटलं जातं. म्हणून बोया मोकळा असेल तर मुलाला बोयाच घ्यायला सांगा. तिसरा प्रकार धक्क्याचा, आणि धक्का फक्त फॉसिल बेमध्ये आहे. बोया काय किंवा धक्का काय, आगाऊ आरक्षण नसतं. जो आधी येईल त्याला जागा मिळते. भाडं किनाऱ्यावरच्या पेटीशी आपणच भरायचं. सलग तीन रात्रींहून जास्त राहता येत नाही.

ह्यांच्या गुडघ्यांसाठी मी धक्क्याचा आग्रह धरते. बोयाला बोट बांधली की प्रत्येक वेळी किनाऱ्यावर जायला छोट्या होडीत उतरावं लागतं. मोठ्या बोटीच्या कडेवरून हलत्या होडीत पाय टाकणं ही दुखऱ्या गुडघ्यांना सगळ्यांत अवघड गोष्ट, गड चढण्याहूनही. धक्क्यावर ते टळतं. तिथेही एक लक्षात ठेवा. तो धक्का तरंगता आहे, पाण्याबरोबर वर-खाली होतो. किनारा आणि धक्का यांच्यामध्ये चालायची फळी असते. भरतीला ती जवळजवळ सपाट असते, पण ओहोटीला तिचा उतार एवढा वाढतो की कठडा धरून सावकाश चालावं लागतं. तिथे दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, मात्र त्या सारख्या नसतात. एक ओहोटी जेमतेम, दुसरी खूप खोल. उन्हाळ्यात ही खोल ओहोटी बहुधा दिवसाउजेडी येते. तेव्हा ह्यांचं चढणं-उतरणं भरतीच्या आसपास ठरवा.

यासाठी नुसतं पंचांग पुरत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग हा हिशेब तिथेही लागू आहे. पण त्या पाण्यात चंद्र विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे यानेही मोठा फरक पडतो. नोआ ही अमेरिकी सरकारी संस्था भरती-ओहोटीचं कोष्टक देते. तीन दिवसांचं पान छापून बोटीत ठेवा आणि दिवसाची आखणी त्याच्यावरून करा. खोल ओहोटीची वेळ खडकांवरची डबकी बघायला सर्वांत चांगली. समुद्रफुलं, तारामासे, शंखातले खेकडे सगळं उघड्यावर येतं. ह्यांना तेव्हा सावलीत पुस्तक घेऊन बसू दे आणि तुम्ही जा. शेवाळलेल्या खडकावर सिंहगडाचा सरावही कामी येत नाही, चांगल्या पकडीचे बूट घाला.

धक्क्यावर जागा मिळाली नाही तर? मग फॉसिल बेमध्येच बोया घ्या, ह्यांना दिवसातून एकदाच भरतीला किनाऱ्यावर आणा आणि रात्री झोपायला तंबूच ठेवा. बोटीत झोपलं तर रात्री स्वच्छतागृहासाठी अंधारात होडीत उतरावं लागेल किंवा बोटीतलं चिमुकलं शौचालय वापरावं लागेल. तंबूच्या साठेक जागा बेटावर विखुरलेल्या आहेत. प्रत्येक ठिकाणी लाकडी टेबल आणि विस्तवासाठी लोखंडी कडं असतं. जवळ कोरडी, मैलाचं खत करणारी स्वच्छतागृहं आहेत. ती स्वच्छ असतात, पण आंघोळीची सोय नाही. बोटीतल्या शौचालयाचं सांडपाणी समुद्रात सोडायला २०१८पासून त्या सगळ्या पाण्यात मनाई आहे, शुद्ध करूनसुद्धा नाही. हे मुलाला माहीत असेलच. निघण्यापूर्वी टाकी रिकामी करून घेतलीये ना, एवढं मात्र विचारा.

पिण्याच्या पाण्याचे नळ उन्हाळ्यात चालू असतात, तरी उन्हाळा सरता सरता पाणी कमी पडू शकतं. सगळ्यांना तीन दिवस पुरेल एवढं पाणी बोटीतच असू द्या. कचऱ्याची पेटी बेटावर कुठेही नाही. चहाच्या चोथ्यापासून प्लास्टिकपर्यंत सगळं परत न्यायचं. विस्तवाचं म्हणाल तर जुलै-ऑगस्टमध्ये वणव्याच्या भीतीने बहुतेक वेळा बंदी असते, त्यामुळे स्वयंपाक गॅसच्या शेगडीवर. सिंहगडासारखं वर गेल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मिळायचं नाही. पहिल्या दिवसासाठी बेलिंगहॅमलाच दशम्या आणि धपाटे करून घ्या. नंतर मेतकूट-भात, उपमा, मुगाची खिचडी. भाजणी, मेतकूट, मसाले पुण्याहून नेता येतील, पण तिथल्या विमानतळावर खाण्याचे पदार्थ आहेत असं स्पष्ट सांगा. ताजी फळं-भाज्या मात्र नेऊ नका.

थंडीची तयारी हवीच. दिवसा ऊन छान असतं. तो भाग ऑलिंपिक पर्वताच्या पर्जन्यछायेत येतो, त्यामुळे जुलै बराच कोरडा जातो. पण समुद्राचं पाणी भर उन्हाळ्यातही साधारण दहा-बारा अंश सेल्सिअस असतं. त्यात माणूस पडला तर पहिल्या मिनिटातच श्वासावरचा ताबा जातो, पोहता येत असलं तरीही. म्हणून होडीत पाय ठेवण्यापूर्वी लाइफ जॅकेट अंगात आणि पट्टे आवळलेले, तुमचे, ह्यांचे आणि मुलाचेही. यात आईचा हक्क पुरेपूर वापरा.

आता पायवाटा. सगळ्या मिळून सुमारे सोळा किलोमीटर. रुंद, मऊ मातीच्या, डग्लस फर आणि माद्रोना या झाडांच्या सावलीतल्या. चढ किरकोळ आहेत. तुम्हाला त्या सोप्या वाटतील आणि ह्यांनाही काठी घेऊन बऱ्याच झेपतील. ह्यांनी फॉसिल बेवरून मागच्या फॉक्स कोव्हला जावं. अंतर चार पावलांचं, आणि तिथे लाटांनी पायथा कोरलेला छत्रीच्या आकाराचा मोठा खडक आहे. संध्याकाळी तुम्ही शॅलो बेपर्यंत चालत जा. जुलैत सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, वेळ भरपूर असतो. सकाळ इको बेच्या काठावर घालवा. हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला बर्फाने झाकलेला माउंट बेकर दिसतो. उंची ३,२८६ मीटर.

शॅलो बेच्या कडेचा वालुकाश्म बघायला विसरू नका. त्याचा पृष्ठभाग असंख्य छिद्रांनी पोखरलेला आहे. समुद्राचं खारं पाणी दगडात मुरतं, सुकताना मिठाचे स्फटिक वाढतात आणि वाळूचा एकेक कण सुटा करतात. हजारो वर्षं हे चाललंय. तो दगड नखाने खरवडला तरी सुटतो. लोहगडाच्या कातळावर कोरलेली नावं बघून पोटात जसं तुटतं तसंच तिथेही तुटतं, कारण अशा नावांच्या खुणा त्या दगडावरही आहेत. बरोबर नातवंडं असतील तर त्यांना हात लावण्याआधीच सांगा.

हे बेट सगळ्यांसाठी खुलं कसं राहिलं, ते ह्यांना जरूर सांगा. १९६०मध्ये बेटाचा बराच भाग विकला जाणार होता. तिथे घरं झाली असती, कुंपणं आली असती. तेव्हा त्या परिसरातल्या बोट क्लबांच्या सभासदांनी एव्ह हेन्री यांच्या पुढाकाराने वर्गणी काढली, २५,००० डॉलरना ती जमीन विकत घेतली आणि राज्याला उद्यानासाठी देऊन टाकली. हेन्री यांचं नाव तिथल्या एका टोकाला दिलेलं आहे. त्या टोकापर्यंतची पायवाट मला सगळ्यांत आवडते.

जाता जाता एक. ओर्का, म्हणजे काळे-पांढरे देवमासे, दिसले तर बोट जवळ नेऊ नका. तिथे कायम राहणाऱ्या, संख्येने फार घटलेल्या ओर्कांपासून १,००० यार्ड, म्हणजे सुमारे ९०० मीटर दूर राहण्याचा राज्याचा कायदा जानेवारी २०२५पासून लागू आहे. लांबून दुर्बिणीने बघा.

प्रश्न : पुढच्या वर्षी कामानिमित्त सिएटलला जातोय. बोट नाही, ओळखीचं कोणी नाही. कयाक भाड्याने घेऊन अशा बेटावर जाता येईल का? खडकवासल्याला कयाक चालवली आहे. – एक वाचक, वारजे

उत्तर : एकट्याने कयाक नको. ऑर्कस आणि सुशिया यांच्यामधल्या पाण्यात भरती-ओहोटीचा जोरदार प्रवाह असतो, वाटेत पार्कर रीफचं खडप आहे, आणि पाण्याच्या थंडीबद्दल वर लिहिलंच आहे. धरणाच्या पाण्यात यातलं काही नसतं. अनुभवी मार्गदर्शकाबरोबरचा गट मिळाला तर जरूर जा. नाहीतर अनाकोर्टेस बंदरातून सरकारी फेरीबोटीने ऑर्कसला जायचं आणि तिथून वॉटर टॅक्सी ठरवायची. परतीचा दिवस आणि वेळ आधीच पक्की करा, आणि वारा वाढला तर एक दिवस अडकाल हे गृहीत धरून जेवणाचा जादा शिधा ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची, डायनासोरवेडी आहे. सुशियाला डायनासोर सापडला हे खरं का? तिला एखादं जीवाश्म आणता येईल? – एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : खरं आहे. २०१२मध्ये सिएटलच्या बर्क म्युझियमच्या संशोधकांना सुशियाच्या किनाऱ्यावर एका मांसाहारी डायनासोरच्या डाव्या मांडीच्या हाडाचा तुकडा मिळाला. २०१५मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. वॉशिंग्टन राज्यात सापडलेला हा पहिलाच डायनासोर. वय सुमारे आठ कोटी वर्षं. मुलीला असं सांगा, की सिंहगडाचा काळा कातळ ज्या लाव्हातून झाला, तो वाहिला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे तो प्राणी मेला तेव्हा आपला सिंहगड व्हायचाच होता. त्याचं हाड समुद्रतळाच्या गाळात पुरलं गेलं, म्हणून ते शिंपल्यांच्या सोबतीने सापडलं. डायनासोर समुद्रात राहत नव्हता, त्याचं कलेवर वाहत आलं असावं.

पण तिथून काहीही उचलायला परवानगी नाही, सुटा पडलेला शिंपलासुद्धा नाही. तिला वही आणि पेन्सिल द्या. जीवाश्म दिसला की शेजारी पट्टी ठेवून तिथेच चित्र काढायचं, आम्ही भूशास्त्राच्या सहलींत मुलांकडून हेच करून घ्यायचो. खरं हाड बघायचं तर ते सिएटलच्या बर्क म्युझियमकडे आहे.

प्रश्न : अमेरिका राहू द्या. पुण्याहून शनिवार-रविवारी जाऊन बेटावर तंबू ठोकता येईल असं काही आहे का? – तीन मित्र, हडपसर

उत्तर : तंबू ठोकायला नाही. आपल्याकडची बोटीने जायची जवळची बेटं म्हणजे जलदुर्ग. हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग, थळसमोरचा खांदेरी, मुरुडचा जंजिरा. सुवर्णदुर्ग आणि खांदेरी २०२५मध्ये जागतिक वारसा यादीत आले. हे संरक्षित किल्ले आहेत, तिथे रात्री राहू नका, चूल पेटवू नका. राहायचं किनाऱ्यावरच्या गावात आणि किल्ल्यावर दिवसा जायचं. पावसाळ्यात बोटी बंद असतात, म्हणून बेत दिवाळीनंतरचा करा. मला विचाराल तर हर्णै निवडा. बोटवाल्याशी परतीची वेळ बोटीत बसण्यापूर्वीच ठरवा, आणि ओहोटी बघून तो जी वेळ सांगेल ती पाळा.