वाचक विचारतात : जगभरची कॉमिक्स आणि बडोद्यातलं कपाट

जगभरातल्या नव्या ग्राफिक नॉव्हेलांबद्दल (म्हणजे चित्रचौकटींतून सांगितलेल्या पुस्तकभर गोष्टींबद्दल) आणि कॉमिक्सच्या संग्रहांबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. कंसात पत्र बडोद्याच्या कुठल्या भागातून आलं ते दिलं आहे.

प्रश्न : आमच्या पिढीने इंद्रजालमधला वेताळ वाचला आणि गाडी तिथेच थांबली. मुलगी फाइन आर्ट्‌सला आहे, ती म्हणते की जग बरंच पुढे गेलंय. कादंबऱ्या वाचायची सवय असलेल्या माणसाने कुठून सुरुवात करावी? 'माउस' (नाझी छळाची गोष्ट) आणि 'पर्सेपोलिस' (इराणमधलं बालपण) ही नावं ऐकून आहे, त्यानंतरचं सांगा. (दांडिया बाजार)

उत्तर : केट बीटन यांच्या 'डक्स'पासून (२०२२). शिक्षणाचं कर्ज फेडायला कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केप ब्रेटनहून अल्बर्टातल्या तेल-वाळूच्या खाणींवर गेलेल्या मुलीची ही खरी गोष्ट आहे. छावणीत पुरुषच पुरुष, बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या; त्यातून जे होतं ते बीटन आवाज न चढवता सांगतात. पानं चारशेच्या वर आहेत, पण चौकटी साध्या, रंग फक्त करडे आणि संवाद बोलीतले. त्यामुळे चित्र आणि मजकूर एकत्र वाचायची सवय नसली तरी अडखळायला होत नाही.

त्यानंतर टेसा हल्स यांचं 'फीडिंग घोस्ट्स' (२०२४). शांघायमध्ये पत्रकार असलेली, १९४९च्या क्रांतीनंतर हाँगकाँगला निसटलेली आणि पुढे मनाने कोसळलेली आजी. तिला सांभाळण्यात आयुष्य घालवलेली आई. आणि या दोघींपासून लांब पळत राहिलेली नात. २०२५मध्ये याला आत्मचरित्र विभागाचं पुलित्झर हे अमेरिकन पारितोषिक मिळालं. 'माउस'ला १९९२मध्ये मिळालं होतं ते विशेष पारितोषिक. 'फीडिंग घोस्ट्स'चं थेट गद्य आत्मचरित्रांच्या रांगेत बसून मिळालेलं. पुस्तक मात्र दाट आहे. पानभर काळी शाई, बारीक अक्षरं, वर चीनचा इतिहास. एका बैठकीत एकच प्रकरण घ्या. आधी सगळं पान नजरेखालून घाला, मगच मजकुराला हात घाला. नुसता मजकूर वाचत सुटलात तर निम्मं पुस्तक हातून निसटतं, कारण आजीची भुतं शब्दांत कमी आणि शाईत जास्त आहेत.

कोरियाच्या कीम सुक जेंड्री-किम यांचं 'ग्रास' (इंग्रजीत २०१९) जपानी सैन्याने लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या एका मुलीची कहाणी सांगतं. कुंचल्याने काढलेलं आहे. सर्वांत भयंकर प्रसंगी लेखिका माणसं काढतच नाही, पानं काळी करत जाते. मन घट्ट करूनच उघडावं. हलकं काही हवं असेल तर मार्गरीट आबुए आणि क्लेमाँ उब्रेरी यांची 'आया' मालिका आहे. १९७०च्या दशकातलं आबिजान शहर, आयव्हरी कोस्ट. लग्नं, भानगडी, शेजारणींचं कान टवकारून ऐकणं. आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यात शोभेल.

प्रश्न : एकच पुस्तक पेपरबॅक, डिलक्स, ऑम्निबस आणि कॉम्पॅक्ट अशा चार रूपांत दिसतं आणि किमतीत मोठी तफावत असते. घ्यावं कोणतं? शिवाय 'पर्सेपोलिस' मागवलं तर अर्धंच आलं. (मांजलपूर)

उत्तर : आधी अर्ध्या पुस्तकाचं. 'पर्सेपोलिस' फ्रेंचमध्ये २००० ते २००३ या काळात चार भागांत आलं. इंग्रजीत २००३ आणि २००४ असे दोन भाग निघाले आणि नंतर एकत्रित आवृत्ती आली. नुसत्या नावाने शोधलं की बहुधा पहिला भागच समोर येतो. 'माउस'चंही तेच. मागवताना नाव नव्हे, तेरा आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) द्या. प्रत्येक आवृत्तीचा, प्रत्येक बांधणीचा तो वेगळा असतो. पानांची संख्याही पाहा. एकत्रित 'पर्सेपोलिस' साडेतीनशेच्या आसपास जातं. दीडशेच पानं दिसली तर ते अर्धंच आहे.

आता रूपांबद्दल. अमेरिकन मासिक अंकात गोष्टीची वीस-बावीस पानं असतात. असे पाच-सहा अंक एकत्र बांधले की झाला ट्रेड पेपरबॅक, साधारण १७ × २६ सेंटिमीटर. चित्रकाराने पान याच मापात छापलं जाणार हे धरून काढलेलं असतं, म्हणून शंका असेल तेव्हा हाच घ्यावा. डिलक्स थोडा मोठा, पुठ्ठा बांधणीचा. ऑम्निबस म्हणजे हजाराच्या आगेमागे पानं आणि अडीच-तीन किलो वजन. तो मांडीवर पेलत नाही, टेबलावर ठेवूनच वाचावा लागतो. कपाटात छान दिसतो, वाचला क्वचितच जातो.

डीसी या अमेरिकन प्रकाशकाने २०२४पासून काढलेली कॉम्पॅक्ट मालिका स्वस्त आहे, पण माप साधारण १४ × २१.५. म्हणजे अक्षर जवळजवळ सहाव्या हिश्शाने बारीक आणि पानाचं क्षेत्रफळ सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी. या मालिकेतलं 'वॉचमेन' नऊ-नऊ चौकटींच्या जाळीवर बेतलेलं आहे. त्या मापात एकेक चौकट जेमतेम चार सेंटिमीटर रुंद उरते आणि मागच्या भिंतीवरच्या पाट्या, वर्तमानपत्रांचे मथळे वाचता येत नाहीत. गोष्टीचा अर्धा पुरावा तिथेच असतो! चाळिशीचा चष्मा लागला असेल तर हे पैसे वाचवू नका. कमी चौकटींच्या, मोठ्या चित्रांच्या गोष्टीला कॉम्पॅक्ट चालतो.

मार्व्हल या दुसऱ्या अमेरिकन प्रकाशकाच्या 'एपिक कलेक्शन' मालिकेत वेगळाच घोळ आहे. खंडाचा क्रमांक कथेच्या काळानुसार असतो, छपाईच्या क्रमाने नाही. तेरावा खंड आधी आणि तिसरा पाच वर्षांनी, असं सर्रास होतं. पहिला मिळत नाही म्हणून मालिका बंद पडली असं समजू नका.

फ्रेंच-बेल्जियन कॉमिक्सचं पुस्तक, म्हणजे अल्बम, मुळात २२ × २९च्या आसपास असतं, अठ्ठेचाळीस पानांचं, पानात दहा-बारा चौकटी. इंग्रजी आवृत्ती त्याहून लहान केलेली असेल तर सोडून द्या.

बांधणीही पाहा. पुस्तकाच्या डोक्याकडून कण्यावर नजर टाका. दुमडलेल्या फर्म्यांचे (एकात एक घातलेल्या पानांचे) बारीक कमानीसारखे गठ्ठे दिसले आणि गठ्ठ्याच्या मध्यावर दोरा दिसला तर ते शिवलेलं आहे. सरळ कापलेल्या कडा नुसत्या डिंकात रुतलेल्या असतील तर चिकटवलेलं. चिकटवलेलं जाड पुस्तक सपाट उघडत नाही, दोन पानांवर पसरलेलं चित्र मध्येच गिळलं जातं आणि जोर लावून उघडलं की कणा तडकतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ठेवलं तर गरम करून लावलेला तो डिंक मऊ पडतो आणि पानांचा गठ्ठा कव्हरापासून सरकतो. नवं पुस्तक टेबलावर कण्यावर उभं धरून एकदा पुढची दहा-पंधरा पानं, एकदा मागची, अशी आलटून पालटून हलक्या हाताने दाबत मध्यापर्यंत या. मगच वाचायला घ्या.

प्रश्न : मंगा (जपानी कॉमिक्स) उजवीकडून वाचायचा हे कळलं, तरी चौकटींचा क्रम चुकतो. काही मंगा मात्र डावीकडून सुरू होतात, ते कसं? (कारेलीबाग)

उत्तर : पानावर चौकटींमधल्या आडव्या फटी पाहा. फट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग गेली असेल तर तिच्यावरचा पूर्ण पट्टा आधी संपवायचा. ती मध्येच उभ्या चौकटीला अडून थांबली असेल तर तिच्या वरच्या-खालच्या दोन्ही चौकटी मिळून एक गट. उजवीकडे एकाखाली एक दोन छोट्या आणि डावीकडे एक उंच चौकट असेल तर आधी उजवीकडची वरची, मग तिच्याखालची, शेवटी उंच. बहुतेकांची चूक इथेच होते. वरच्या छोट्या चौकटीवरून थेट उंच चौकटीवर उडी मारली जाते. बोलण्याचा फुगाही उजवीकडचा आधी, फक्त फुग्याच्या आतलं इंग्रजी नेहमीसारखं.

डावीकडून चालणाऱ्या बहुतेक जुन्या इंग्रजी आवृत्त्या आहेत, पानं आरशासारखी उलटवून छापलेल्या. त्यात सगळे डावखुरे होतात आणि किमोनोचा पदर उलटा पडतो. जपानमध्ये तसा पदर फक्त प्रेताला घालतात. २००२च्या सुमारापासून मूळ दिशेनेच छापायची रीत रुळली. ओसामु तेझुका यांचा आठ खंडांचा 'बुद्ध' इंग्रजीत डावीकडूनच चालतो. मंगाची ओळख करून घ्यायला हरकत नाही.

अरबीही उजवीकडून. इजिप्तच्या दीना मोहम्मद यांचं 'शुबैक लुबैक' इंग्रजीतही त्याच दिशेने छापलंय. कैरोत इच्छा बाटलीबंद करून विकल्या जातात, पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या दर्जाच्या. तिसऱ्या दर्जाची इच्छा अंगाशी येते आणि पहिल्या दर्जाची गरिबाने घेतली तर सरकार कागदपत्रं मागतं. शिधापत्रिकेच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

प्रश्न : सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण चित्रं पाहण्याची आवड आहे. (निझामपुरा)

उत्तर : शॉन टॅन यांचं 'द अरायव्हल' (२००६). एकही वाक्य नाही. परक्या देशात पोचलेल्या माणसाला जशी तिथली लिपी कळत नाही तशी ती वाचणाऱ्यालाही कळू नये म्हणून पाट्यांवर बनावट अक्षरं काढली आहेत. इंग्रजी येणारे आणि न येणारे इथे एकाच पायरीवर येतात.

प्रश्न : बडोद्याशी संबंध असलेलं काही? (सयाजीगंज)

उत्तर : दोन आहेत. 'भीमायन' (२०११) दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार दांपत्याने काढलंय, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं. १९१७मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी आलेल्या डॉ. आंबेडकरांना इथे राहायला जागा मिळाली नाही, काठ्या घेऊन आलेल्या जमावाने पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं, आणि ते कमाटीबागेत जाऊन बसले, हा प्रसंग त्यात आहे. चौकटी जवळपास नाहीतच, आकृत्या वळसे घेत पानभर फिरतात. बोलण्याचे फुगे नीट पाहा : प्रेमाने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी, आणि मनातला विचार असेल तर फुग्याला डोळा. पहिल्या दोन-चार पानांत हे लक्षात घेतलंत तर पुढे कोण कसं बोलतंय ते वाचायच्या आधीच कळतं.

दुसरं ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' (१९९४), नर्मदेवरच्या धरणाबद्दल. एकीकडे आदिवासी गायकाची सृष्टीकथा, दुसरीकडे शहरातून आलेल्या पत्रकाराचा शोध. कित्येक वर्षं दुर्मीळ होतं, २०२२मध्ये चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने पुन्हा काढलं. जुनी प्रत मोठ्या किमतीला विकणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

प्रश्न : ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीचं पाणी घरात शिरलं. खालच्या फळीवरची कॉमिक्स उन्हात वाळवली. मंगा वाकडे झाले पण उघडतात, रंगीत गुळगुळीत पानांची मात्र वीट झाली. काही करता येईल का? पुढच्या वेळी काय करावं? (अकोटा)

उत्तर : विटा झाल्या त्या गेल्या. गुळगुळीत कागदावर चिनी मातीचा आणि चिकट द्रव्याचा थर असतो. तो भिजून मऊ होतो आणि वाळताना शेजारच्या पानाला धरून बसतो. आता ओढलंत तर शाई थरासकट सुटून येईल. मंगाचा कागद बिनथराचा, खरखरीत, म्हणून तो वाचला.

पुढच्या वेळी वेळ महत्त्वाची. आपल्याकडच्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. पुस्तक मिटलेलंच ठेवून बाहेरचा चिखल स्वच्छ पाण्याने धुवा. उघडून धुतलंत तर चिखल आत जाईल. मग दोन ढीग करा. गुळगुळीत कागदाची पुस्तकं ओली असतानाच, एकेक वेगळ्या पिशवीत घालून, कणा खाली ठेवून डीप फ्रीजरमध्ये टाका. गोठलं की थर चिकटायची क्रिया थांबते आणि तुम्हाला सवड मिळते. नंतर एका वेळी एकच काढा. ते वितळत असताना, थर ओला आहे तोवरच, प्रत्येक पानामागे बेकिंगचा न चिकटणारा कागद सरकवा आणि पंख्याखाली ठेवा. प्रत्येक पान म्हणजे प्रत्येक पान. एक सुटलं की तिथे जोड बसलाच. कंटाळवाणं काम आहे, म्हणून आवडती चार पुस्तकं निवडा आणि बाकीच्यांवर पाणी सोडा.

खरखरीत कागदाची पुस्तकं किंचित उघडून उभी करा, दर दहा-पंधरा पानांनी कोरा टिपकागद घाला आणि तो ओला झाला की बदला. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. टिपकागद जास्त कोंबलात तर कणा फाटतो. ऊन नको : कव्हर आक्रसतं, रंग उडतो. हाताला नुसतं गार लागेल इतकं वाळलं की दोन पाटांमध्ये वजनाखाली दाबा. पूर्ण वाळल्यावर दाबून वाकडेपणा जात नाही; तुमच्या मंगांचं तेच झालंय.

आणि खालची फळी रिकामी ठेवा.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा आहे. चित्रांचं पुस्तक म्हणून 'ग्रास' दिलं तर? (वाघोडिया रोड)

उत्तर : नको. मंगाच्या मागच्या कव्हरावर वयाचा शिक्का असतो : सर्वांसाठी, किशोर, मोठे किशोर, प्रौढ. तो पाहा. ग्राफिक नॉव्हेलांवर बहुधा असा शिक्का नसतो, तिथे आधी स्वतः वाचावं लागतं. अकराव्या वर्षी त्याला 'द अरायव्हल' द्या. 'आया' पंधराच्या पुढे.