चर्चमध्ये सगळं काम मीच बघते पण पद काहीच नाही. पद मागावं की असंच चालू ठेवावं?

सलाम ताई. प्रश्न वाचला आणि आधी हसूच आलं, कारण आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक मंडळीत अशी एक बाई असतेच. संडे स्कूल तुमच्याकडे, गुरुवारची महिला प्रार्थना तुमच्याकडे, कोणी दवाखान्यात अ‍ॅडमिट झालं की पाळकसाहेबांच्या आधी फोन तुम्हाला, आणि बाहेरून पाहुणे आले तेव्हा सेक्रेटरींनी ओळख करून दिली ती "ह्या पण मदत करतात" अशी. ते "ह्या पण" तुम्हाला लागलंय. लागणारच हो. आणि आता तुमचं असं झालंय की पद मागावं तर लोक म्हणतील हिला मोठेपणा पाहिजे, आणि गप्प बसावं तर आतल्या आत कुढायचं.

माझं मत आधी सांगून टाकते, पाल्हाळ नंतर. पदाच्या मागे आत्ताच लागू नका, पण नोंद मागा. मिनिटबुकात तुमचं नाव आणि काम, खर्चासाठी ठरलेली रक्कम, हॉलची किल्ली. पद नसताना हे हातात असलं तर काम चालतं, पद असून हे नसलं तर तुम्ही फक्त स्टेजवर हार घालून घ्यायला.

असं का म्हणते ते सांगते. माझी आजी बायबलबाई होती, म्हणजे मिशनतर्फे घरोघरी जाऊन बायकांना बायबल आणि अक्षरं शिकवणारी, नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेवर नगरच बसलंय). पाळकाकडे बरीच गावं असायची, त्यामुळे त्यांचं दर्शन प्रभुभोजनाच्या रविवारी, मधले सगळे दिवस आजी. तिच्या पिशवीत बायबल, गायनाचं पुस्तक, एक पाटी आणि मिशरीची डबी, हो, बायबलबाई झाली तरी मिशरी काही सुटली नव्हती. पुरुष प्रचारकाला ओटीवरच थांबवायचे तिथे ही सरळ चुलीपर्यंत जायची, भाकरी थापणाऱ्या बाईशेजारी बसून तिला बाराखडी शिकवायची आणि बाराखडी झाली की पाटीवर पहिलं वाक्य लिहून द्यायची, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. रात्री कोणी वारलं तर पाळक येईपर्यंत प्रेताशेजारी बसून गायन-प्रार्थना तीच चालवायची. पण तिची नेमणूक कुठल्याच कागदावर नव्हती, जे काय पैसे मिळायचे ते मिसबाई (मिशनरी बाई) हातावर ठेवायच्या, आणि म्हातारपणी प्रचारकांना थोडंफार लागू झालं तेव्हा आजीला काहीच नाही. देणाऱ्यांची दानत नव्हती असंही नाही, रजिस्टरला नावच नाही तर देणार कोणाला.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं जुनं. जुनंच आहे, पण आपल्याकडे बिनपदाच्या बायकांनी जेवढं उभं केलंय ना, ते बघितलं की कळतं कुठलं टिकलं आणि कशामुळे. मिस फरार घ्या, सिंथिया फरार, 1827 ला अमेरिकेहून मुंबईत आल्या, लग्न न केलेली बाई मिशनरी म्हणून एवढ्या लांब येणं हेच त्या काळात जगावेगळं होतं, पुढे नगरला आल्या आणि 1862 ला नगरलाच वारल्या, सगळा जन्म मुलींच्या शाळांत गेला. मिशनच्या अहवालात बायकांचा दर्जा असिस्टंट मिशनरी. असिस्टंट! आणि जोतीराव फुले मुलींची शाळा कशी असते ते बघायला आले ते ह्यांची शाळा, सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं तेही ह्यांच्याच हाताखाली.

आणि पंडिता रमाबाई. ह्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. पहिली गंमत म्हणजे "पंडिता" ही पदवी त्यांना चर्चने दिलेली नाही, 1878 ला कलकत्त्याच्या शास्त्री लोकांनी दिली, तेव्हा त्या ख्रिस्तीसुद्धा नव्हत्या. 1883 मध्ये इंग्लंडला वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला राहिल्या. तिथे प्रिन्सिपल मिस बील ह्यांच्या मनात आलं की भारतात जाणाऱ्या तरुण इंग्रज मुलांनाही रमाबाईंनी शिकवावं, तर इकडच्या बिशप लोकांनी मोडता घातला की हिंदी बाईने तरुण पुरुषांना शिकवणं बरं दिसणार नाही, तिच्या पुढच्या कामाला बाधा येईल. रमाबाईंनी जे उत्तर पाठवलं त्याचा मतलब असा की माझी आई आणि मी तरुण पुरुषांना शिकवत होतो तेव्हा माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही आणि आता ही माणसं घेतायत ह्याचं मला नवल वाटतं. म्हणजे ज्या घरातून ती आली ते तिच्या वडिलांचं, अनंतशास्त्री डोंगऱ्यांचं कर्मठ वैदिक घर ह्या बाबतीत बिशपांपेक्षा मोकळं निघालं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, का ते तुम्हाला कळेल.

पण खरी गोष्ट पुढची आहे. 1889 ला मुंबईत शारदा सदन (विधवांसाठी घर आणि शाळा) काढलं, मग ते पुण्याला नेलं, पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा, आणि त्यांनी मदतीची मुदत घातली होती दहा वर्षांची. बाई काय नुसती प्रार्थना करत बसली नाही, केडगावला जमीन घेतली, विहीर खोदली, फळझाडं लावली, हिशोब असा की दहा वर्षं संपली की झाडांचं उत्पन्न सुरू होईल. मग 1896-97 चा दुष्काळ पडला, मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायका आणल्या आणि त्यांना ठेवायला जागा होती ती हीच, तिथेच मुक्ती मिशन उभं राहिलं. छापखाना टाकला, त्यात टाइप जुळवणाऱ्या मुलीच. हिब्रू-ग्रीक शिकून सोप्या मराठीत अख्खं बायबल आणलं, 1922 मध्ये त्या गेल्या आणि ते संपूर्ण छापून आलं 1924 ला. सरकारने 1919 ला कैसर-ए-हिंद पदक दिलं, चर्चमध्ये मात्र दीक्षा (पाळक म्हणून नेमणूक) नाही, रेव्हरंड नाही, बाप्तिस्मे द्यायचे तर पाद्री पुरुषच लागायचे. आणि तरी 1905 च्या जूनमध्ये मुक्तीत जे संजीवन (भक्तीची मोठी जागृती) झालं ते बघायला मोठमोठे पाद्री ह्यांच्या दारात येत होते. का? कारण जमीन, छापखाना आणि हिशोबाची वही बाईंच्या हातात होती, त्यांना कोणी "ह्या पण" म्हणूच शकत नव्हतं. भक्ती तर होतीच, पण भक्ती माझ्या आजीकडेही कमी नव्हती.

आता वचनांचं. तुम्ही तोंड उघडलंत की कोणीतरी बायबलमधल्या पौलाच्या पत्रातलं 1 तीमथ्य 2:12 काढणार, बाईने शिकवू नये, ठरलेलं आहे. तुम्ही लगेच बायबलमधल्याच दबोरा, प्रिस्किल्ला ह्या बायका काढाल, अपुल्लोस एवढा वक्ता पण त्याला नीट समजावून सांगितलं ते प्रिस्किल्ला आणि अक्विला दोघांनी मिळून, प्रेषितांची कृत्ये 18 मध्ये आहेच. पण कमिटीत वचनांची कुस्ती खेळू नका, तिथे निकाल लागत नाही, फक्त आवाज चढतात. वाचायचंच असेल तर रोमकरांस पत्राचा 16 वा अध्याय शांतपणे वाचून दाखवा. पौल फिबी नावाच्या मंडळीच्या सेविकेबद्दल लिहितो, तिचा स्वीकार करा, तिला लागेल ती मदत करा, तिने पुष्कळांना आणि मलासुद्धा मदत केली आहे. म्हणजे बघा, पौलानेही नुसतं तोंडी नाही ठेवलं, लेखी दिलं.

चर्च कुठलं ते तुम्ही लिहिलं नाहीये, त्यावर बरंच अवलंबून आहे. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा मेथडिस्ट असेल तर बाईला दीक्षाही घेता येते, दक्षिणेत सीएसआयमध्ये (चर्च ऑफ साउथ इंडिया) तर 2013 ला पुष्पा ललिता नंद्यालच्या बिशप झाल्या, त्यामुळे तुम्हाला बोलावणं वाटत असेल आणि सेमिनरीत जायची तयारी असेल तर सरळ तो रस्ता धरा, नोंदीबिंदीच्या गोष्टी इतरांसाठी. कॅथलिक असाल तर पुरोहितपद नाहीच, पण 2021 मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी वाचक आणि वेदीसेवक ह्या सेवा अधिकृतपणे बायकांना खुल्या केल्या, आणि धर्मशिक्षकांसाठीही अधिकृत सेवा सुरू केली, तुमच्या फादरांना त्याबद्दल विचारा. ब्रदरन किंवा स्वतंत्र चर्च असेल तर सगळं एका-दोघांच्या मर्जीवर, तिथे कागद जास्तच लागतो.

आणि तुम्ही पाळकाच्या मिसेस असाल तर वेगळंच. पाळकीणबाईंना कोणी विचारतच नाही, नवऱ्याची बदली झाली की नव्या गावात महिला मंडळ, संडे स्कूल, नाताळचं नाटक आपोआप गळ्यात, आणि पुढची बदली आली की उभं केलेलं सगळं तिथेच टाकून सामान बांधायचं. माझी एक मैत्रीण ह्यात पार थकून गेली, तिने शेवटी प्रत्येक ठिकाणी एक वही ठेवायला सुरुवात केली, कुठल्या मुलाला काय शिकवलं, कोणाच्या घरी काय अडचण, आणि जाताना ती वही तिथल्याच एका बाईच्या हातात. मला हे फार आवडलं.

आता नोंद कशी मागायची. जनरल बॉडीत अचानक उठून बोलू नका. त्याआधी सेक्रेटरींच्या नावाने साधा अर्ज, एक पान पुरे, मी अमुक वर्षापासून संडे स्कूल बघते, एवढी मुलं, एवढे शिक्षक, जबाबदारी लेखी द्यावी आणि वर्षाला ठरावीक रक्कम मंजूर करावी. भावना, त्याग, तळमळ हे शब्द घालू नका, आकडे घाला. खडू, चित्रं, खाऊ, नाताळची बक्षिसं ह्याचे पैसे तुम्ही आजवर पर्समधूनच घातले असणार, ती बिलं असतील तर जोडा, नसतील तर आजपासून ठेवा. आणि मुलांबरोबर काम आहे म्हणून एक आवर्जून सांगते, उद्या एखाद्या मोठ्या माणसाचं वागणं मुलांशी ठीक नाही असं तुमच्या लक्षात आलं तर "तू वर्गात यायचं नाहीस" म्हणायचा अधिकार कोणाचा? नुसती मदत करणाऱ्या बाईचं कोण ऐकणार? हे अर्जात लिहा, ह्या मुद्द्यावर नाही म्हणणं कमिटीलाही जड जातं.

मार्चचा पहिला शुक्रवार, जागतिक प्रार्थना दिन, त्या दिवशी बऱ्याच मंडळ्यांत बायकाच उपासना चालवतात आणि पुरुष मागच्या बाकावर बसून नंतर फार छान झालं म्हणतात. आमच्याकडे त्याच आठवड्यात महिला मंडळाने अर्ज दिला होता, मुद्दाम, कारण छान झालं म्हणून चार दिवस झाले नव्हते तर नाही कोणत्या तोंडाने म्हणणार. हॉलची किल्ली आणि छोटी रक्कम मिळाली, कमिटीत जागा नाही मिळाली, एक काका अजूनही म्हणतात बायकांना किल्ली कशाला. म्हणू देत.

लोक गर्विष्ठ म्हणतील का? म्हणतील, थोडे दिवस. एकदा रक्कम मंजूर झाली की तेच लोक हिशोब विचारायला येतात, तेव्हा वही तयार ठेवा. पाळकसाहेबांना मात्र अर्जाची कॉपी आधी घरी जाऊन द्या, मीटिंगमध्ये पहिल्यांदा कळलं तर बरा माणूसही बिथरतो. आणि अर्जावर एकटीची सही नको, निदान दोन-तीन पालक घ्या, त्यात एखादा बाप्या असला तर उत्तमच.