‘मला बोलताच येत नाही, मॅडम’

‘वाचलेलं थोडंफार कळतं, पण तोंड उघडलं की सगळं गायब. या वयात आता काय जमणार!’ मोठेपणी नवी भाषा शिकायला घेतलेल्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की पहिलं वाक्य सुरू झालं की दुसरं मला आधीच ऐकू येतं.

४७ वर्षांच्या एक बाई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) नवऱ्याच्या बदलीमुळे परदेशी गेलेल्या. आम्ही व्हिडिओ कॉलवर भेटायचो. ‘तुमचं बोलणं कसं आहे?’ याला दोन भेटींत एकच उत्तर आलं, ‘शून्य.’ मी वाद घातला नाही. समुपदेशनात मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वळणाची, ठाम समजुतीला पुरावा मागणारी. शून्य म्हणताय ना, मग पुरावा आणा.

शेजारणीला विचारून त्यांनी तिच्याशी झालेलं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं. दीड मिनिटाचं. पहिल्यांदा ऐकताना त्यांनी चुका मोजल्या, ११ भरल्या. दुसऱ्यांदा ऐकवून मी विचारलं,

‘शेजारणीला काय कळलं?’

‘पार्सल माझं नाही, वरच्या मजल्यावरचं आहे, एवढंच.’

‘कोणी सांगितलं तिला?’

बराच वेळ शांतता. मी मुद्दाम ती मोडली नाही. मग हळूच, ‘मीच. पण तिने सांभाळून घेतलं हो. मी दोनदा “पुन्हा सांगा” म्हटलं.’

भाषा कितपत येते ते मोजायची युरोप परिषदेची २००१ची एक चौकट आहे. तिच्यातलं ‘ए-वन’, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीचं वर्णन मी त्यांना सांगितलं. समोरचा सावकाश, पुन्हा किंवा वेगळ्या शब्दांत सांगायला आणि मदत करायला तयार असेल, तर साधा संवाद करता येतो.

‘म्हणजे तिचं सांभाळून घेणं मापातच धरलंय?’

धरलंय! खरं सांगते, ते वर्णन मी कितीदा वाचलं होतं, पण त्यातला हा दिलासा मलाही त्या दिवशीच दिसला. २०२०च्या पुरवणीत तर ‘ए-वन’च्याही खाली एक पायरी आहे.

म्हणून सुरुवातीला ‘कच्चं’, ‘बरं’ असली विशेषणं नकोतच. कुणाशी, कशाबद्दल, किती मदतीने बोललात ते लिहा. उच्चार आणि व्याकरण एकाच टोपलीत टाकू नका. ‘पुन्हा सांगा’ हेही बोलणंच, ते जमेच्या बाजूला मांडा. फोनवरचं वेगळं लिहा, तिथे चेहरा आणि हातवारे दिसत नाहीत, त्यामुळे ते अवघडच जातं.

बाईंनी पुढच्या भेटीत वही कॅमेऱ्यासमोर धरली. ‘समोरासमोर, पार्सलपुरतं: हो. फोनवर: अजून नाही.’ ‘अजून’खाली दोन रेघा.